किल्ली हातात नसताना चोरीची नाणी परत मिळतात काय?



बैल चोरीला गेला आणि चार महिन्यांनी तो दुसऱ्या तालुक्याच्या बाजारात कुणाच्या तरी दावणीला सापडला, तर "तुझ्या हातात कासरा आहे काय?" असे मालकाला कोणी विचारीत नाही. कासरा चोराच्याच हाती असावयाचा. मालक शिंगाची ठेवण सांगतो, अंगावरचा भोवरा दाखवतो, खरेदीची पावती पुढे करतो, गावची चार माणसे साक्षीला उभी राहतात. पोलीस पंचनामा करून बैल मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतात आणि पुढे कोर्टाच्या हुकुमाने तो सुपुर्दनाम्यावर मालकाच्या गोठ्यात परत येतो.

आता चोरीचा माल बैल नसून बिटकॉइन असेल तर?

कीड-रोग आणि खतांच्या मात्रांबरोबर हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण गावोगाव फिरताना बियाण्याची चौकशी आटोपली, चहा झाला, की एखादा तरुण हळूच बाजूला घेऊन हेच विचारतो. कुणी उसाच्या बिलातले, कुणी भूसंपादनाच्या मोबदल्यातले पैसे मोबाईलवरून या नाण्यांत गुंतवलेले असतात. एक दिवस पाकीट उघडून पाहावे तर शिल्लक शून्य. घरी सांगावयाची सोय नसते. मग एक जण सांगतो, "किल्ली गेली, आता ब्रह्मदेवही काही करणार नाही." दुसरा म्हणतो, "दहा हजार आधी भरा, आठ दिवसांत नाणी आणून देतो." पहिल्याच्या बोलण्यात अर्धे सत्य आहे. दुसऱ्याच्या बोलण्यात तेवढेही नाही.

ही किल्ली म्हणजे काय?

बिटकॉइनसारखी नाणी म्हणजे हातात घेता येणारी वस्तू नव्हे. ती एका मोठ्या खातेवहीतील नोंद आहे. या वहीची नक्कल जगभरच्या हजारो संगणकांवर असते. समजा, तुमच्या गावच्या सात-बाराचे पुस्तक जगातल्या प्रत्येक चावडीवर उघडे ठेवले आहे आणि कोणीही येऊन ते वाचू शकतो. कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्यावर किती नाणी गेली, केव्हा गेली, हे सर्व तेथे दिसते. दिसत नाही ते फक्त नाव. पत्ता म्हणजे अक्षरे व आकडे यांची एक लांबलचक माळ असते.

त्या पत्त्यावरची नाणी हलवावयाची तर एक गुप्त आकडा लागतो. त्याला खासगी किल्ली म्हणतात. लक्षात राहावी म्हणून ती पुष्कळदा बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्दांच्या रूपात देतात. ज्याच्याजवळ ही किल्ली, त्याची सही चालली. ही सही खऱ्या मालकाची की चोराची, हे खातेवही विचारीत नाही आणि एकदा झालेली नोंद मागे फिरत नाही. "साहेब, चुकून गेले, परत फिरवा" असे म्हणावयास तेथे बँकेचा मॅनेजर बसलेला नसतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण पुष्कळांची समजूत येथेच चुकते. चोर तुमची किल्ली मिळवतो तेव्हा तो नाणी लगेच स्वतःच्या नव्या पत्त्यावर नेतो. त्या नव्या पत्त्याची किल्ली फक्त त्याला ठाऊक असते. म्हणजे चोरीनंतर तुमची जुनी किल्ली सापडली तरी ती रिकाम्या पेटीची किल्ली आहे. हरवलेली किल्ली शोधून देतो म्हणणारा मनुष्य तुम्हांला रिकामी पेटी उघडून देणार आहे. चोरीची नाणी जगात जेव्हा जेव्हा परत मिळाली, तेव्हा ती मालकाच्या किल्लीवाचूनच मिळाली. ती कशी, हे पाहू.

कायदा काय म्हणतो?

प्रथम प्रश्न आला तो असा की, जी वस्तू हाताला लागत नाही तिला मालमत्ता म्हणावे काय? मालमत्ताच नसेल तर तिच्यावर जप्ती कशी आणावयाची? इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये याचे उत्तर दिले. कॅनडातील एका विमा कंपनीचे संगणक चोरांनी कुलूपबंद करून खंडणी मागितली होती. तिच्या इंग्लंडमधील विमा कंपनीने १०९.२५ बिटकॉइन, म्हणजे त्या वेळचे सुमारे साडेनऊ लाख डॉलर, भरून संगणक सोडवले आणि मग त्या नाण्यांचा माग काढला. उघड्या खातेवहीवरून पावलांचे ठसे पाहावेत तसा हा माग निघतो. त्यांतील ९६ नाणी बिटफिनेक्स नावाच्या एक्स्चेंजमध्ये पोहोचली होती. चोर कोण हे ठाऊक नव्हते, तरी दावा "अज्ञात इसम" यांच्याविरुद्ध दाखल झाला. कोर्टाने बिटकॉइन ही मालमत्ता होय असे धरून त्या ९६ नाण्यांवर मनाई हुकूम दिला. पुढील वर्षी न्यूझीलंडच्या उच्च न्यायालयाने क्रिप्टोपिया या बुडालेल्या एक्स्चेंजच्या प्रकरणात, ग्राहकांची नाणी कंपनीची नव्हेत, ती कंपनीजवळ ग्राहकांची ठेव म्हणून होती, असा निकाल दिला.

आपल्या देशातही आता हा प्रश्न पुष्कळसा सुटला आहे. मुंबईच्या वझीरएक्स या एक्स्चेंजमधून १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २३ कोटी डॉलर किमतीची नाणी चोरीस गेली. रुपयांत सांगावयाचे तर ते दोन हजार कोटींच्या घरात जाते. कंपनीने सर्व ग्राहकांची खाती गोठवली आणि नुकसान सर्वांवर वाटून टाकण्याचा घाट घातला. एका महिला ग्राहकाची नाणी चोरीस गेलेल्या प्रकारातली नव्हतीच. ती मद्रास उच्च न्यायालयात गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने क्रिप्टो-नाणी ही भारतीय कायद्याने मालमत्ता आहे, ती दुसऱ्याच्या वतीने विश्वासाने सांभाळता येते, असे म्हणून तिला संरक्षण दिले. वखारीतील दुसऱ्याच्या हरभऱ्याला आग लागली म्हणून तुमच्या तुरीतून भरपाई कापता येणार नाही, असाच याचा अर्थ.

सारांश, किल्ली म्हणजे मालकी नव्हे. किल्ली म्हणजे कब्जा. शेतजमिनीच्या दाव्यांत पिढ्या घालवलेल्या आपल्या लोकांना हा फरक अधिक समजावून सांगावयास नको.

पण हुकूम बजावावयाचा कुणावर?

खरी अडचण येथेच आहे. कोर्टाने कागदावर लिहिले की नाणी परत द्या, तरी खातेवहीला कोर्टाचे हुकूम वाचता येत नाहीत. हुकूम माणसावर बजावता येतो. म्हणून चोरीचा माल एखाद्या माणसाच्या किंवा कंपनीच्या हाताखालून जातो काय, हे पाहावे लागते.

बहुतेक वेळा तो जातो. चोराला अखेर रुपये किंवा डॉलर हवे असतात आणि त्यासाठी तो एक्स्चेंजमध्ये येतो. एक्स्चेंज म्हणजे या नाण्यांचा अडत्या. तेथे आलेल्या नाण्यांची किल्ली अडत्याच्या हाती असते, म्हणून कोर्टाचा वा पोलिसांचा हुकूम आला की त्याला ती अडकवून ठेवता येतात. भारतात काम करणाऱ्या एक्स्चेंजना मार्च २०२३ पासून मनी लॉन्डरिंगविरोधी कायदा लागू झाला आहे. ग्राहकाची ओळखपत्रे घेणे व ती जपून ठेवणे त्यांना बंधनकारक आहे. म्हणजे पत्त्यामागचे नावही तेथे मिळू शकते.

दुसरा मार्ग डॉलरच्या भावाशी बांधलेल्या नाण्यांचा. टेथर, यूएसडी कॉइन ही नाणी कंपन्या काढतात आणि कोणत्याही पत्त्यावरची आपली नाणी गोठवण्याची सोय त्यांनी स्वतःकडे ठेवलेली आहे. लिक्टेन्स्टाइन या चिमुकल्या देशातील एका एक्स्चेंजवर जानेवारी २०२२ मध्ये दरोडा पडला. त्यातील काही रक्कम अशा नाण्यांत गेली होती, ती न्यूयॉर्कच्या कोर्टाने गोठवावयास लावली. चोराचे नाव-गाव ठाऊक नाही, मग नोटीस कशी लावावयाची? आपल्याकडे घर बंद असले तर बेलीफ दारावर नोटीस डकवतो. तेथे चोराच्या पत्त्यावर एक नवे नाणे पाठवले आणि त्यात कोर्टाच्या कागदांचा दुवा घातला. बंद दारावर नोटीस डकवण्याचाच हा प्रकार!

सर्वांत बोलबाला झाला तो वर्महोलच्या प्रकरणाचा. वर्महोल ही एका खातेवहीतील नाणी दुसऱ्या खातेवहीत वापरता यावीत म्हणून केलेली सोय. आपली वखार-पावती डोळ्यांसमोर आणा. माल वखारीत ठेवला की पावती मिळते, पावती दाखवली की माल मिळतो. २ फेब्रुवारी २०२२ रोजी चोराने त्यांच्या तपासणीतील एक खोट हेरून, काहीही माल न ठेवता १ लाख २० हजार ईथर नाण्यांच्या पावत्या काढून घेतल्या आणि त्यांतील बहुतेकांवर खरा माल उचलला. त्या वेळच्या भावाने हे सुमारे २,४०० कोटी रुपये होतात. वर्महोलच्या मागे असलेल्या जम्प या धनाढ्य कंपनीने दुसऱ्याच दिवशी खड्डा स्वतःच्या पैशाने भरून काढला, म्हणून सामान्य ग्राहक वाचले.

चोर वर्षभर स्वस्थ बसला आणि मग त्याला लोभ सुटला. ओअॅसिस नावाच्या सेवेमार्फत त्याने ती नाणी तारण ठेवून कर्जे उचलली व आणखी नाणी घेतली. भाव खाली-वर झाला तर आपोआप खरेदी-विक्री व्हावी म्हणून त्याने ओअॅसिसच्या एका यंत्रणेला आपल्या तिजोरीत हात घालण्याची परवानगीही दिली. जणू मुखत्यारपत्रच करून दिले. आणि ही यंत्रणा बदलण्याचा अधिकार ओअॅसिसच्या काही माणसांनी मिळून सह्या केल्या तर त्यांच्या हाती होता. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने ओअॅसिसला हुकूम दिला की, त्या तिजोऱ्यांतील माल परत मिळवण्यासाठी लागतील ती पावले उचला. त्याच दिवशी यंत्रणा बदलली गेली आणि चोराच्या किल्लीला हातही न लावता माल कोर्टाने मान्य केलेल्या तिसऱ्या पक्षाच्या पत्त्यावर गेला. चोराचे कर्ज फेडून सुमारे १४ कोटी डॉलर हाती राहिले, असा जाणकारांचा हिशेब आहे.

यावर पुष्कळ वाद झाला. आज कोर्टाच्या हुकुमाने उघडलेली तिजोरी उद्या एखाद्या लबाडाच्या सांगण्याने उघडणार नाही कशावरून, असे अनेकांनी विचारले. शंका रास्त आहे. तरी मला विचाराल तर, ज्या सेवेच्या मालकाला तिजोरी उघडता येते त्याने "हे कुणालाच उघडता येत नाही" अशी जाहिरात करू नये, एवढाच बोध कंपन्यांनी घ्यावयास हवा होता.

माल चोराच्या स्वतःच्या पत्त्यावर पडून असेल तर?

तेथे ना अडत्या, ना मुखत्यार. मग एकच उपाय उरतो. चोर गाठावयाचा आणि त्याची किल्ली शोधावयाची. बिटफिनेक्स एक्स्चेंजमधून ऑगस्ट २०१६ मध्ये १ लाख १९ हजार ७५४ बिटकॉइन गेले. अमेरिकेच्या तपासनीसांनी साडेपाच वर्षे खातेवहीवर नजर ठेवली. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका जोडप्याला अटक झाली. नवऱ्याने इंटरनेटवर साठवलेली एक फाईल कोर्टाच्या वॉरंटाने मिळवून उघडली, तिच्यात सुमारे दोन हजार पत्ते आणि त्यांच्या किल्ल्या होत्या. ९४ हजारांहून अधिक नाणी सरकारने जप्त केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या नवऱ्याला पाच वर्षांची शिक्षा झाली.

किल्ली न शोधता खातेवहीच बदलावयास लावता येईल काय, हाही प्रयत्न झाला. आपल्या संगणकातून किल्ल्या चोरीस गेल्या, १ लाख ११ हजार बिटकॉइन अडकले, तेव्हा बिटकॉइनची यंत्रणा लिहिणाऱ्या मंडळींनी ते सोडवून द्यावेत, असा दावा क्रेग राइट या गृहस्थाच्या ट्युलिप ट्रेडिंग या कंपनीने लंडनमध्ये केला. खालच्या कोर्टाने तो २०२२ मध्ये मोडीत काढला. फेब्रुवारी २०२३ मध्ये अपील कोर्टाने मुद्दा विचार करण्यासारखा आहे म्हणून सुनावणीची वाट मोकळी केली. पण मार्च २०२४ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात, बिटकॉइनचा जनक मीच, हा याच गृहस्थाचा दावा खोटा ठरला आणि त्याने मोठ्या प्रमाणावर खोटे कागद केल्याचे कोर्टाने म्हटले. त्याच वर्षी ट्युलिपचा दावाही मागे घेण्यात आला. बनावट खरेदीखताने दुसऱ्याच्या जमिनीवर नाव लावणारे महाभाग आपल्याकडेही आहेत. किल्लीवाचून कुलूप उघडण्याची सोय कायद्याने का जपून द्यावी लागते, ते यावरून कळावे.

आणि किल्ली जप्त करणाऱ्यांवरही नजर हवी, हे आपल्या पुण्याने दाखवले. महिन्याला १० टक्के परताव्याचे आमिष दाखवणाऱ्या गेनबिटकॉइन योजनेत देशभर लोक फसले. तपासात मदतीसाठी पुणे पोलिसांनी घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये अटक झाली. आरोपींच्या पाकिटांतील नाणी त्यांनी परस्पर स्वतःकडे वळवली, असा आरोप आहे. हे प्रकरण पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे, म्हणजे सीबीआयकडे गेले.

तुमच्याबाबतीत घडले तर

पहिले काही तास सोन्याचे असतात. आपल्या भागातील फसवणुकीत बहुधा आधी रुपये जातात, यूपीआयने किंवा बँकेतून, आणि नंतर कोणीतरी त्यांची नाणी करतो. रुपया बँकेत आहे तोवर तो अडवणे सोपे. म्हणून मनात कुढत न बसता लगेच १९३० हा क्रमांक फिरवावा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. नाणी एखाद्या एक्स्चेंजमधून गेली असतील तर त्या एक्स्चेंजलाही त्याच दिवशी लेखी कळवावे.

मोबाईल पुसू नये, ॲप काढून टाकू नये. रागाच्या भरात पुष्कळजण हेच करतात आणि पुरावा जातो. नाणी ज्या पत्त्यावर गेली तो पत्ता, त्या व्यवहाराची लांबलचक खूण, तारीख व वेळ, बँकेचा व्यवहार क्रमांक, समोरच्याचे संदेश, हे सर्व जसेच्या तसे जपावे. कोर्टात मोबाईलमधला पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. ते वकिलाकडून वेळीच करून घ्यावे. ठाण्यावर गुन्हा नोंदवून घेतला नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज पाठवता येतो आणि तेथेही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येते.

नाण्यांच्या मागावर असताना भेटणाऱ्या दुसऱ्या चोराबद्दल सांगितलेच पाहिजे. तुम्ही फसलात ही बातमी फसवणाऱ्यांच्या बाजारात विकली जाते. मग फोन येतो, "आम्ही वसुली अधिकारी, तुमची नाणी सापडली आहेत, फक्त कराची रक्कम भरा." कधी कोर्टाच्या शिक्क्याचा कागदही येतो. कोर्ट व्हॉट्सॲपवर फी मागत नाही. पोलीस तुमचे बारा शब्द विचारीत नाहीत. आणि आपण वर पाहिलेच की, चोरी झाल्यावर त्या शब्दांनी नाणी परत येण्यासारखी नसतात. उरलेसुरले पाकीट मात्र त्यांनी रिकामे करता येते.

आपल्या तरुण मुलांना हेही सांगावे की, हजार-दोन हजारांसाठी आपले बँक खाते कुणाला वापरावयास देऊ नये. चोरीचा रुपया त्या खात्यातून फिरला की खाते गोठते, आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या घरी.

माल सापडला तरी तो हाती येईपर्यंत धीर लागतो. टोकियोचे माउंट गॉक्स एक्स्चेंज २०१४ मध्ये बुडाले, तेथील लोकांना नाणी मिळू लागली ती जुलै २०२४ मध्ये. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ मध्ये चांगली तरतूद आहे. गुन्ह्यातून आलेली मालमत्ता कोर्टाला जप्त करता येते आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांमार्फत ती फसलेल्या लोकांत त्यांच्या हिश्श्याप्रमाणे वाटता येते. यादीत नाव यावयाचे तर तक्रार नोंदलेली हवी. लाजेने गप्प राहिलेल्याचे नाव तेथे कोण लावणार? ठेवी गोळा करून पळालेल्या मंडळींविरुद्ध राज्याचा १९९९ चा ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा कायदाही आहे. योजनेत अनेक गावकरी फसले असतील तर सर्वांनी मिळून एकत्र तक्रार करावी. वकिलाचा खर्च झेपत नसेल त्यांनी तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीचे कार्यालय असते तेथे अर्ज करावा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि ठरावीक मर्यादेखालील उत्पन्न असलेली कुटुंबे यांना तेथून मोफत वकील मिळतो. अर्जासोबत आधारकार्डाची नक्कल, तक्रारीचा क्रमांक आणि बँकेचा उतारा न्यावा.